तीन दुकानं, तीन पांढरे शर्ट: एका खरेदीचं प्रकरण

भाच्याला पहिली नोकरी लागली. रुजू होण्याच्या पत्रातच पोशाखाची एक ओळ होती: पांढरा किंवा फिक्या रंगाचा फॉर्मल शर्ट. बहिणीचा लगेच फोन आला, "तुझा जन्म शर्ट उलटेपालटे करण्यात गेला, तूच जा त्याच्याबरोबर." तिचं म्हणणं खरं आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यांत माल तपासण्याचं काम मी बावीस वर्षं केलं. पण शर्ट खोक्यात भरला जाईपर्यंतच माझा त्याच्याशी संबंध. पुढे तो कुठल्या दुकानात, कुठल्या दिव्याखाली लटकतो, हे मी फारसं पाहिलेलं नाही.

एका शनिवारी आम्ही तीन दुकानांत गेलो. पहिलं स्वस्तातलं, दुसरं मधल्या पट्टीतलं, तिसरं ज्याच्या दारातून आत जाताना माणूस नकळत चप्पल झटकतो, तसलं. प्रत्येक ठिकाणी एकच वस्तू घ्यायची ठरली: पूर्ण बाह्यांचा साधा पांढरा शर्ट, कॉलर चाळीस. पहिल्या शर्टाची किंमत एक धरली, तर दुसऱ्याची छापील किंमत पाच होती, सवलतीनंतर तीन. तिसऱ्याची बावीस. बावीसचे पैसे मी दिले, निव्वळ कुतूहलापोटी. बहिणीला मात्र आकडा अकरा सांगितलाय.

निघताना भाच्याने विचारलं, "मामा, तिन्हीकडे पांढरा शर्टच ना? मग फरक कशाचा?"

मी म्हटलं, "कापडाचा आणि शिलाईचा."

उत्तर चूक नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं कळायला वर्ष गेलं.

पहिलं दुकान

हे दुकान म्हणजे दिवे लावलेलं गोदाम. शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत पुठ्ठा, कॉलरखाली फुलपाखराच्या आकाराचा प्लॅस्टिकचा तुकडा. टेबलावर मापानुसार थप्प्या, पण चाळीसच्या थप्पीत बेचाळीस मिसळलेले, कारण कोणीतरी बघून तिथेच टाकून गेलेलं. ट्रायल रूमबाहेर टोकन देणारी मुलगी, एका वेळी पाचच कपडे न्यायचे. मापं घेणारं कोणी नाही, आणि "हा तुला बरा दिसत नाही" असं सांगणारं तर नाहीच. दुकानातली माणसं सतत कामात होती, पण त्यांचं काम थप्प्या भरण्याचं आणि बिलं करण्याचं.

यात दुकानाचा आळस नाही. एका नगामागे सुटणारा पैसा इतका थोडा असतो, की एका गिऱ्हाईकावर पंधरा मिनिटं खर्च केली तर त्या शर्टाचा नफा तिथेच संपतो. त्यामुळे दुकानाने जे जे सोडता येईल ते ते सोडून दिलेलं असतं. शोधणं, घडी उघडणं, मापाचा अंदाज, परत घडी घालणं, सगळं गिऱ्हाइकाकडे. आम्हाला शर्ट सापडायला चाळीस मिनिटं लागली.

आणखी एक काम गिऱ्हाइकाकडे सरकवलेलं असतं, ते म्हणजे तपासणी. हे मला सांगायला हवं, कारण हा माझा धंदा होता. कारखान्यात प्रत्येक नग तपासला जातोच असं नाही. माल नमुन्यावर पास होतो आणि त्याची ठरलेली कोष्टकं आहेत. समजा ३,००० शर्टांचा माल आहे. नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे त्यातले १२५ उपसून पाहायचे. किती दोष चालवून घ्यायचे याची पातळी गिऱ्हाईक कंपनी ठरवते; तिने मोठ्या दोषांसाठी २.५ ची पातळी लावली असेल, तर त्या १२५ मध्ये ७ सदोष नग सापडले तरी माल पास. आठवा सापडला की नापास. १.५ ची कडक पातळी लावली, तर ५ पर्यंत पास. आणि काही लेबलं, म्हणजे ब्रँड, पैसे मोजून एकूण एक नग तपासून घेतात. म्हणजे नमुन्यावर पास झालेल्या मालात काही दोष दुकानापर्यंत येणार हे धरलेलंच असतं. प्रश्न एवढाच, की ते पकडायचे कोणी. दुकानाने माल लावताना, की तुम्ही घरी गेल्यावर?

म्हणून मी तीन पिशव्या उघडल्या. एकीत कफावर टाका सुटलेला. दुसरीत कॉलरची दोन टोकं एकमेकांवर ठेवली, तर एक टोक तीन मिलिमीटरने लांब. तिसरी ठीक होती, ती घेतली. थप्पी लावणारा पोरगा माझ्याकडे संशयाने बघत होता. मी उघडलेल्या तिन्ही पिशव्या नीट घडी घालून ठेवल्यावर तो निवळला.

शर्ट पॉलिस्टर-कॉटनचा. टीप एका इंचात दहा टाक्यांची. टाके लांब असले की मशिनवरचा वेळ आणि दोरा दोन्ही वाचतात. आतल्या शिवणी ओव्हरलॉक केलेल्या, म्हणजे मोकळी कड नुसती दोऱ्याने गुंडाळलेली, माया जेमतेम, म्हणजे पुढे पोट सुटलं तर शर्ट सैल करायला जागा नाही. बटणं साखळी टाक्याने लावलेली. दोऱ्याचं मोकळं टोक हाताला लागलं आणि ओढलं, तर अख्खं बटण उकलून हातात येतं.

दुसरं दुकान

इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि मला वाटतं सर्वांत जास्त बुद्धी इथेच लागते.

पुतळ्यांच्या अंगावर शर्टाबरोबर पँट, पट्टा, जॅकेट असा पूर्ण जोड. दिवे जरा पिवळसर, आरसा किंचित मागे कललेला. मदतीला माणूस येतो, दोन मापं आणून देतो आणि लांब उभा राहतो. चाळीस कॉलरचे तीन प्रकार: स्लिम, टेलर्ड, रेग्युलर. भाच्याला स्लिम हवा होता. मी त्याला दोन्ही हात पुढे करून मिठी मारल्यासारखे जोडायला सांगितले. पाठ करकचली. मग टेलर्ड आला. ट्रायल रूममध्ये ही एवढी एक कसरत केली, तरी निम्मे चुकीचे शर्ट दुकानातच राहतात.

शर्ट पहिल्यापेक्षा उघड चांगला. पूर्ण सुती, इंचात चौदा टाके, बाजूच्या शिवणी साफ, आत एक जादा बटण. आणि त्यावर 'इस्त्रीची गरज नाही' असं लेबल. भाचा तिथेच विकला गेला. मी त्याला सांगितलं, की ही जादू फुकट होत नाही. सुती तंतूंना रसायनाने आतून एकमेकांशी जखडतात, म्हणून कापड चुरगळत नाही, पण त्याच कारणाने तंतूची ताकद कमी होते. तो म्हणाला, "मामा, सकाळी सात पंचावन्नच्या बसला हे काही मोजलं जात नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता किमतीची गोष्ट. चिठ्ठीवर पाच छापलेले, त्यावर लाल रेघ, बाजूला तीन. भाच्याला दोन वाचल्याचा आनंद. मी कारखान्यात खर्चाचे कागद पाहिलेत. पुष्कळ वेळा हिशेब मांडणारा 'सवलतीनंतर हा कितीला जाईल' इथूनच सुरुवात करतो आणि मग वर छापायचा आकडा ठरवतो. म्हणजे तीन हीच किंमत. पाच हा त्या तीनचा दागिना.

दुकानं हा खेळ बंद का करत नाहीत? एका मोठ्या साखळीने करून पाहिलंय. अमेरिकेतल्या जेसीपेनीने २०१२ च्या सुरुवातीला कूपनं आणि रोजचे सेल काढून टाकले आणि सरळ, कमी केलेल्या किमती लावल्या. कल्पना नवे प्रमुख रॉन जॉन्सन यांची. ते अ‍ॅपलच्या दुकानांचं यश पाठीशी घेऊन आले होते. त्या आर्थिक वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली, आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावं लागलं. हे वाचून लोक गिऱ्हाइकाला मूर्ख ठरवतात. मला तसं वाटत नाही. मधल्या पट्टीतल्या गिऱ्हाइकाला कापड ओळखता येत नाही, येण्याचं कारणही नाही. 'पाचचा माल तीनला' हा त्याच्या हातातला एकुलता एक मापदंड असतो. तो काढून घेतल्यावर शर्ट तीनचा आहे की नाही, हे त्याने ठरवायचं कशावरून? पहिल्या दुकानात किंमतच इतकी कमी की प्रश्न पडत नाही. तिसऱ्यात किंमत ब्रँडच्या नावाची असते. खात्री द्यायचं काम मधल्याला लाल रेघेकडून करून घ्यावं लागतं.

एक गोष्ट मी त्या दिवशी पाहायला हवी होती आणि पाहिली नाही: कॉलरचं बकरम, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून कापडाच्या दोन थरांमध्ये घातलेलं कडक अस्तर. कॉलर दोन बोटांत धरून चोळली असती, तर ते चिकटवलेलं आहे हे कळलं असतं. चिकटवलेलं असणं हा दोष नाही, बहुतेक शर्टांत तसंच असतं. पण कसं चिकटवलंय यावर सगळं असतं. ते पुढे येईलच.

तिसरं दुकान

इथे माल दिसतच नाही. लांबलचक भिंतीवर अठरा शर्ट, मी मोजले. प्रत्येक प्रकाराचा एकच नग बाहेर, बाकी मापं आत. पहिल्या दुकानात एवढ्या जागेत अठराशे मावले असते.

विक्रेत्याने किंमत किंवा माप न विचारता तीन प्रश्न विचारले. कुठे घालणार? टाय लावणार का? घड्याळ कुठल्या हातात? तिसऱ्या प्रश्नावर भाचा माझ्याकडे बघायला लागला. घड्याळाच्या हाताचा कफ जरा सैल ठेवतात, नाहीतर तो घड्याळावर अडकून बसतो आणि कड लवकर झिजते. मग टेप आली. तीन शर्ट आणले. दुसरा घालून झाल्यावर डाव्या बाहीला टाचणी लावली, कारण भाच्याचा डावा खांदा किंचित उतरलेला आहे. हे त्याच्या आईलाही माहीत नव्हतं. बाही दीड सेंटिमीटरने उचलून, कफाचं बटण सरकवून, शर्ट आठ दिवसांनी मिळेल असं सांगितलं. तोवर आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो आणि ट्रायल रूम माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीपेक्षा मोठी होती.

शर्ट मी उलटा करून पाहिला, सवयीने. बाजूची शिवण एका सुईने दोनदा फिरवून घातलेली, चार मिलिमीटरची. आत एकही मोकळी कड नाही. इंचात वीस टाके. पाठीवरचा खांद्याचा तुकडा मध्ये जोडलेला, म्हणजे दोन्ही बाजूंना कापडाचा धागा खांद्याच्या उताराबरोबर जातो. बटणं शिंपल्याची, गालाला लावली की गार लागतात, प्लॅस्टिकची लागत नाहीत. कॉलरचं बकरम चिकटवलेलं नाही, मध्ये शिवून घेतलेलं. कापड दुपदरी बारीक सुताचं, हातातून पाण्यासारखं जाणारं.

हे सगळं उत्तम काम आहे. पण ते बावीसपट आहे का? माझ्या अंदाजाने कापड, बटणं, टाके, तपासणी सगळं धरलं तरी हा शर्ट करायला पहिल्याच्या चार-पाचपट खर्च येत असेल. उरलेलं कुठे जातं? अठरा शर्टांच्या भिंतीचं भाडं, दोन गिऱ्हाइकांसाठी तासभर मोकळा ठेवलेला माणूस, आतला शिंपी. आणि न विकलेला माल. पहिलं दुकान उरलेला माल आणखी स्वस्तात काढून मोकळं होतं. इथे तसं केलं तर नाव स्वस्त होतं. २०१८ मध्ये बर्बरी या महागड्या ब्रिटिश ब्रँडने जाहीर केलं, की आदल्या आर्थिक वर्षात त्यांनी २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला. त्यात कपड्यांबरोबर परफ्यूमही होते. ओरड झाल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी ही पद्धत बंद करत असल्याचं सांगितलं. युरोपीय संघात तर न विकलेले कपडे नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून कायद्यानेच मनाई आहे.

परत येताना भाच्याने मला जे विचारलं ते अपेक्षित होतं: "मग महाग शर्ट शिवणाऱ्याला जास्त पैसे मिळत असतील?" चिठ्ठीवरच्या किमतीवरून ते सांगता येत नाही. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१००हून जास्त माणसं गेली. त्या एका इमारतीत वेगवेगळ्या किमतींच्या लेबलांचे कपडे शिवले जात होते. मी स्वतः एकाच ओळीतल्या मशिनींवर सकाळी एक लेबल आणि दुपारी त्याच्या तिप्पट किमतीचं लेबल लागताना पाहिलंय. दोरा बदलला, टाक्यांची संख्या बदलली, तपासणारा बदलला. शिवणारी बाई तीच.

वर्षभरानंतर

भाच्याने तिन्ही शर्ट आलटून पालटून वापरले. मशीन तेच, साबण तोच, प्रत्येकाच्या चाळीसएक धुण्या झाल्या असतील. मधल्याचा अपवाद, तो सांगतोच.

स्वस्त शर्टाचं एक बटण तिसऱ्या आठवड्यात गेलं. कॉलरची आतली बाजू करडी पडली, कारण पॉलिस्टर अंगाचं तेल धरून ठेवतं. कफांवर बारीक गोळे आले. पण तो आटला नाही, फाटला नाही, चुरगळलाही नाही. मला हे कबूल करताना जड जातं, पण नुसत्या टिकण्याच्या बाबतीत तो पहिला आला.

मधला शर्ट चौथ्या महिन्यात बिघडला. कॉलरवर फोड आल्यासारखे फुगवटे. बकरम आतून सुटलं होतं. हे नुसत्या धुण्याने होत नाही; चिकटवताना उष्णता, दाब आणि वेळ यांचं गणित चुकलं, की पहिले काही महिने काहीच दिसत नाही आणि मग पाणी त्या कच्च्या जोडात शिरतं. आम्ही दुकानात गेलो. तीस दिवस उलटून गेलेले. व्यवस्थापकाने विचारलं, "धुण्याच्या सूचना पाळल्या होत्या का?" मी त्याला वरची माहिती दिली, बहुधा गरजेपेक्षा जास्त विस्ताराने. तो नम्र होता, पण त्याच्या संगणकात 'बकरम सुटलं' असा पर्यायच नव्हता. शेवटी सदस्यत्वाच्या खात्यात काही गुण जमा केले, जे दोन महिन्यांत वापरायचे होते. ते संपले. आम्ही वापरले नाहीत.

महागड्या शर्टाची कॉलर अकराव्या महिन्यात घडीवर विरली. भाचा हादरला. त्याला वाटत होतं, बावीस मोजले म्हणजे वस्तू जन्मभराची. पण सूत जितकं बारीक, तितकं कापड नाजूक. हनुवटीच्या खुंटांची घासणी ते फार सोसत नाही. मी त्याला दुकानात फोन करायला सांगितलं. त्याच विक्रेत्याने उचलला, नावावरून मापं काढली, डाव्या बाहीसकट. शर्ट मागवून घेतला आणि पाच आठवड्यांनी नवी कॉलर लावून पाठवला. कापड तेच. पैसे घेतले नाहीत.

घेतले नाहीत म्हणजे आधीच घेतले होते. ती कॉलर, तो फोन उचलणारा माणूस, वहीत लिहून ठेवलेला उतरता खांदा, हे सगळं त्या बावीसमध्ये होतं. पहिल्या दुकानात माप काढणं, दोष पकडणं, बटण लावणं ही कामं आमची होती आणि किमतीत तशी वजावट मिळाली होती, कोणी फसवलं नव्हतं. मधल्या दुकानात मात्र अर्धी कामं त्यांची, अर्धी आमची, आणि सीमा कुठे आहे हे चौथ्या महिन्यापर्यंत कोणी सांगितलं नाही. माझी चिडचिड शर्टावर नव्हतीच. त्याहून वाईट शर्ट मी पास केलेत.

महाग घेतलेलं शेवटी स्वस्त पडतं, असं आमच्याकडे माल घेणारे लोक नेहमी म्हणायचे. या प्रकरणात तरी तसं झालं नाही. अंगात घातल्याच्या दर दिवसाचा खर्च काढला, तर स्वस्त शर्ट सगळ्यांत स्वस्त, मधला त्याच्या कितीतरी पट, आणि बावीसचा शर्ट आणखी चार-पाच वर्षं चालला तरी पहिल्याच्या जवळ येणार नाही. भाच्याचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, मोठ्या साहेबांसमोर उभं राहायचं असलं की डावी बाही कुठे येते याकडे त्याचं लक्ष जात नाही, आणि हे मी हिशेबात धरलेलं नाही. धरलेलं नाही, हे खरं आहे.

गेल्या महिन्यात त्याने दोन शर्ट घेतले. दोन्ही मधल्या पट्टीतले, पण दुसऱ्या दुकानातले. आत शिरल्यावर आधी विचारलं, की तीस दिवसांनंतर कॉलर सुटली तर काय करता. विक्रेती आत जाऊन विचारून आली: सहा महिन्यांपर्यंत बदलून देतो. ते त्याने पावतीवर लिहून घेतलं. मग कॉलर दोन बोटांत धरून चोळून पाहिली, हात पुढे करून मिठीची कसरत केली, आणि बाहेर आल्यावर मला फोन केला. स्लिमच घेतले होते.